क्षेत्र दोनमधली सवलत : नागपुरातील एका पुनर्विकासाचे प्रकरण

४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात ५.३ परिमाणाचा भूकंप झाला आणि त्याचे हादरे हैदराबादपासून गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूरपर्यंत जाणवले. नागपूर त्या केंद्रापासून तीनशे किलोमीटरहून अधिक दूर असल्याने येथे त्याचे स्वरूप सौम्य राहिले. पश्चिम नागपुरातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत मात्र त्या सकाळनंतर एक प्रश्न उभा राहिला, आणि तो संस्थेच्या पुनर्विकासाचे आराखडे अंतिम होण्याच्या नेमक्या वेळी आला, हे सभासदांचे भाग्यच म्हणावे लागेल.

संस्थेची जुनी तीन मजली इमारत १९८० च्या दशकातील होती. तिच्या जागी पार्किंगसाठी मोकळा तळमजला आणि त्यावर सात मजले, प्रत्येक मजल्यावर चार अशा २८ सदनिका बांधण्याचे ठरले होते. इमारतीची उंची २४ मीटर, अरुंद बाजूची रुंदी १६ मीटर आणि लांबी २२ मीटर होती. विकासकाच्या संरचना अभियंत्याने तयार केलेल्या आराखड्याच्या टिपांमध्ये भूकंपासंबंधी फक्त दोन नोंदी होत्या: ‘भूकंप क्षेत्र २’ आणि ‘सामान्य काँक्रीट चौकट’. सभासदांपैकी एक निवृत्त अभियंता होते. त्यांनी सर्वसाधारण सभेत विचारले की, या दोन नोंदींचा अर्थ काय, आणि दुसरी नोंद पहिलीमुळे आली आहे का? त्यावर सभेतून आलेले उत्तर नागपुरात कुठेही ऐकू येईल असेच होते: “नागपुरात कुठं भूकंप येते जी, उगाच खर्च कशाला वाढवता?” शेवटी संस्थेने आराखड्यांची स्वतंत्र तपासणी करून घेण्याचे ठरवले आणि ते काम माझ्याकडे आले. त्या तपासणीत काय दिसले, कोणता निर्णय झाला आणि तो का झाला, याची ही मांडणी आहे. संस्था, विकासक आणि संबंधित अभियंता यांची ओळख पटेल असे तपशील मुद्दाम वगळले आहेत.

नकाशावर नागपूर कुठे आहे

भारतात भूकंपविरोधी संरचनेचे मूळ मानक म्हणजे आयएस १८९३. त्याची पहिली आवृत्ती १९६२ साली निघाली. त्याआधी १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९३५ मध्ये देशाचा पहिला भूकंप-धोका नकाशा तयार केला होता. १९६२ च्या नकाशात सात श्रेणी होत्या आणि दख्खनचे पठार बहुतांशी स्थिर मानले गेले होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले आणि हा समज टिकला नाही. १९७० च्या आवृत्तीत नकाशा पाच क्षेत्रांत नव्याने मांडला गेला. तरीही मराठवाड्याचा मोठा भाग सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्र १ मध्येच राहिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तो याच क्षेत्र १ मध्ये. ६.२ परिमाणाच्या त्या धक्क्यात दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि हजारो माणसे गेली. २००१ च्या भूज भूकंपानंतर २००२ मध्ये नकाशा पुन्हा बदलला, क्षेत्र १ रद्द करून क्षेत्र २ मध्ये विलीन झाले आणि देशात २ ते ५ अशी चारच क्षेत्रे उरली. किल्लारीचा परिसर क्षेत्र ३ मध्ये गेला. नागपूर क्षेत्र २ मध्ये राहिले आणि या प्रकरणाच्या वेळी वापरात असलेल्या २०१६ च्या आवृत्तीतही ते तेथेच होते.

हा इतिहास सभासदांसमोर मांडण्याचा हेतू त्यांना घाबरवण्याचा नव्हता. नकाशाची प्रत्येक मोठी दुरुस्ती एखाद्या भूकंपानंतर झाली आहे, म्हणजे नकाशा हा त्या वेळेपर्यंतच्या अनुभवाचा दस्तऐवज आहे. ज्या प्रदेशाचा लिखित अनुभव थोडा आणि जेथील मोठ्या भूकंपांमधले अंतर शेकडो वा हजारो वर्षांचे, तेथे तो सर्वाधिक अपुरा असणार, एवढे लक्षात यावे हा हेतू होता. शिवाय या नकाशातील क्षेत्रे मुख्यतः पूर्वी जाणवलेल्या हादऱ्यांच्या तीव्रतेवर आखलेली आहेत. क्षेत्र २ म्हणजे सहा किंवा त्याहून कमी तीव्रता, क्षेत्र ३ म्हणजे सात, असा त्यांचा स्थूल अर्थ आहे (ही तीव्रता त्या जागी जाणवलेल्या हादऱ्याची, भूकंपाच्या परिमाणाहून वेगळी). अमुक इतक्या वर्षांत अमुक इतके धक्के बसण्याची शक्यता किती, हे हा नकाशा सांगत नाही. संभाव्यतेवर आधारलेला देशव्यापी अभ्यास राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०११ मध्ये प्रसिद्ध केला, पण परवानगीच्या टेबलावर क्षेत्राचा आकडा मानकातल्या नकाशाचाच चालत राहिला.

नागपूरच्या आजूबाजूला काय आहे, तेही पाहिले पाहिजे. उत्तरेला सातपुड्यापलीकडे नर्मदा-शोण भ्रंशपट्टा आहे. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरजवळ झालेला ५.८ परिमाणाचा भूकंप याच पट्ट्यातला; त्याचे केंद्र नागपूरपासून सरळ रेषेत सुमारे २४० किलोमीटरवर होते. १९३८ मध्ये सातपुड्याच्या पश्चिम भागात सहाहून अधिक परिमाणाचा भूकंप झाला होता, आणि १९५७ मध्ये बालाघाट परिसरात, म्हणजे नागपूरपासून दीडशे किलोमीटरच्या आत, ५.५ परिमाणाच्या धक्क्याची नोंद आहे. दक्षिणेला गोदावरी खोऱ्याचा खचदरीचा पट्टा आहे. १९६९ चा भद्राचलमचा भूकंप आणि २०२४ चा मुलुगूचा भूकंप तेथलेच. यावरून नागपूर अतिधोक्याचे शहर ठरत नाही. क्षेत्र २ हा दर्जा उपलब्ध माहितीनुसार गैरवाजवी आहे असे माझे म्हणणे नाही. पण दोन जागत्या पट्ट्यांच्या मधोमध वसलेल्या शहरात ‘भूकंप येतच नाही’ हे विधान मात्र कोणत्याही नोंदीत बसत नाही.

आकडे काय सांगतात

तपासणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग येथून सुरू होतो. बहुतेकांची अशी समजूत असते की क्षेत्राचा क्रमांक वाढला की इमारत ज्या आडव्या बळासाठी आखायची ते बळ वाढते, आणि क्षेत्र बदलण्याचा परिणाम एवढाच असतो. समजुतीचा पहिला अर्धा भाग मानकात दिसतोही: क्षेत्र २ साठी गुणांक ०.१०, क्षेत्र ३ साठी ०.१६, ४ साठी ०.२४ आणि ५ साठी ०.३६. परंतु प्रत्यक्ष आडवे बळ काढताना या गुणांकाच्या निम्म्याला जमिनीच्या प्रकारानुसार आणि इमारतीच्या आवर्तनकालानुसार (इमारतीला एकदा डोलून परत यायला लागणाऱ्या वेळेनुसार) मानकातल्या आलेखावरून येणाऱ्या आकड्याने गुणतात आणि मग संरचनेच्या प्रकारानुसार ठरलेल्या एका घटक-गुणांकाने भागतात. सामान्य काँक्रीट चौकटीसाठी हा भाजक ३ आहे. विशेष, म्हणजे आयएस १३९२० या दुसऱ्या मानकाप्रमाणे सळया आणि रिंगांची (उभ्या सळयांभोवती आडव्या बांधलेल्या कड्यांची) तन्य रचना केलेल्या चौकटीसाठी तो ५ आहे. तन्य इमारत मोठ्या हादऱ्यात वाकते, तडे सोसते, ऊर्जा जिरवते आणि तरीही उभी राहते, म्हणून तिला कमी बळासाठी आखण्याची मुभा मिळते.

आता आपल्या इमारतीचा हिशेब पाहू. विटांच्या भिंती भरलेल्या चौकटीसाठी मानकाने दिलेल्या सूत्राने, म्हणजे उंचीला ०.०९ ने गुणून रुंदीच्या वर्गमुळाने भागल्यावर, अरुंद दिशेने आवर्तनकाल ०.५४ सेकंद येतो. मध्यम जमिनीवर या आवर्तनकालासाठी आलेखाचा आकडा २.५, म्हणजे कमाल आहे. इमारतीचे भूकंपासाठी धरायचे वजन सुमारे ३,००० टन होते. विकासकाच्या आराखड्याप्रमाणे क्षेत्र २ आणि सामान्य चौकट घेतली तर आडवे बळ वजनाच्या ४.१७ टक्के, म्हणजे सुमारे १२५ टन येते. हीच इमारत तन्य रचनेने बांधली तर मानक ते बळ २.५ टक्के, म्हणजे ७५ टन इतके कमी करू देते. आणि हीच इमारत जबलपूरला, क्षेत्र ३ मध्ये, बांधायची ठरली तर? तेथे सामान्य चौकटीला परवानगीच नाही. तन्य रचना अनिवार्य आहे, आणि तिच्यासाठी बळ येते ४ टक्के, म्हणजे १२० टन.

नागपूरच्या सामान्य इमारतीचे १२५ टन आणि जबलपूरच्या तन्य इमारतीचे १२० टन, हे दोन आकडे मी सभेत फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले, कारण या प्रकरणाचे सारे मर्म त्यांच्यात आहे. दोन्ही इमारती जवळपास सारख्याच आडव्या बळासाठी आखलेल्या असतील. कॉलम आणि बीममधले सळयांचे वजनही फारसे वेगळे असणार नाही. पण त्या बळाच्या दीडपट-दुप्पट हादरा आला तर जबलपूरची इमारत वाकेल आणि नागपूरची तुटेल. नकाशावरची रेषा इमारतीत जो खरा फरक घडवते तो बळाचा नसून सळया कशा बांधायच्या याचा आहे, आणि तोच फरक क्षेत्र २ मध्ये मानकाने ऐच्छिक ठेवला आहे. आयएस १३९२० क्षेत्र ३, ४ आणि ५ मध्ये बंधनकारक आहे. क्षेत्र २ मध्ये ज्याची इच्छा असेल त्याने ते पाळावे.

इच्छा कोणाची, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. सदनिका घेणाऱ्याला हा पर्याय अस्तित्वात आहे हेच माहीत नसते. विकासकाला तो वाढीव काम वाटतो. संरचना अभियंता मानकाच्या चौकटीत राहूनच काम करत असतो आणि त्याचे प्रमाणपत्र खरेही असते. परवानगी देणाऱ्या यंत्रणेला प्रमाणपत्र मिळाले की तिचे काम संपते. अशा रीतीने कोणीही नियम मोडलेला नसताना आठ स्लॅबांची इमारत अशा अवस्थेत उभी राहते की तिच्या सांध्यांत रिंगा नाहीत. मला या साखळीतला एकही दुवा बेजबाबदार वाटत नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट अधिक गंभीर वाटते.

सळया आणि रिंगा

ऐच्छिक म्हणून वगळले जाते ते नेमके काय, हे सभासदांना दाखवणे आवश्यक होते. मूळ आराखड्यात बरेच कॉलम २३० मिलिमीटर जाडीचे होते, कारण तेवढी जाडी विटांच्या भिंतीत लपते आणि खोलीत कोपरा पुढे येत नाही. १६ मिलिमीटरच्या सळया असलेल्या अशा कॉलमला साध्या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे २३० मिलिमीटर अंतरापर्यंत रिंगा चालतात. आराखड्यात त्या २०० मिलिमीटरवर दाखवल्या होत्या. तन्य रचनेत कॉलमची किमान बाजू ३०० मिलिमीटर लागते. ३०० बाय ६०० मिलिमीटरच्या कॉलमला वर आणि खाली, बीमच्या तोंडापासून ६०० मिलिमीटर लांबीत, रिंगांमधले अंतर ७५ मिलिमीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही. मधल्या भागात ते १५० पर्यंत चालते. एका मजल्याच्या कॉलममागे रिंगांची संख्या जवळपास दुप्पट होते. रिंगेचे टोक ९० अंशात वळवून सोडायचे नाही, ते १३५ अंशात आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळवायचे आणि पुढे किमान ६५ मिलिमीटर सोडायचे. कॉलम आणि बीम जेथे मिळतात त्या सांध्यातही रिंगा घालायच्या. आणि सांध्यापाशी कॉलमची एकत्रित वाकण्याची ताकद बीमच्या ताकदीच्या किमान १.४ पट हवी, म्हणजे मोडायची वेळ आली तर आधी बीम मोडावा, कॉलम नव्हे. बीम मोडला तर एका खोलीची स्लॅब खचते. कॉलम मोडला तर त्याच्या वरचे सगळे मजले खाली येतात.

रिंग कॉलमसाठी काय करते ते सांगण्यासाठी मी ज्वारीच्या कडब्याच्या पेंढीचा दाखला दिला: दोर जवळजवळ आवळलेले असले तर पेंढी उभी राहते आणि डोक्यावरचे वजनही पेलते, एकच दोर सैल बांधला तर ती मधूनच फुगून उसवते. हादऱ्यात कॉलमच्या बाहेरचा थर गळून पडला की आतल्या काँक्रीटला आणि उभ्या सळयांना जागेवर धरून ठेवण्याचे काम फक्त रिंगा करतात. ९० अंशात वळवलेले टोक बाहेरचा थर गळताच उघडते आणि रिंग निरुपयोगी होते.

अहमदाबादचा दाखला, आणि त्याची मर्यादा

२६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात अहमदाबादमध्ये अनेक बहुमजली इमारती कोसळल्या आणि शेकडो माणसे दगावली. भूकंपाचे केंद्र तेथून सुमारे २३० ते २४० किलोमीटरवर होते, म्हणजे जबलपूरचे केंद्र नागपूरपासून होते तितकेच. शहरातील एका सरकारी इमारतीत बसवलेल्या उपकरणावर जमिनीच्या पातळीला नोंदलेले कमाल त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.११ पटीच्या आसपास होते. क्षेत्र २ चा गुणांक, म्हणजे मानकाने तेथे धरलेले जमिनीचे कमाल त्वरण, आहे ०.१०. म्हणजे ज्या हादऱ्याने अहमदाबादच्या इमारती पडल्या त्याची नोंद नागपूरसाठी मानकाने गृहीत धरलेल्या सर्वांत मोठ्या हादऱ्याहून फारशी मोठी नव्हती. पडलेल्या इमारतींपैकी पुष्कळ खाली पार्किंगसाठी मोकळा मजला असलेल्या, बारीक कॉलमच्या आणि विरळ रिंगांच्या होत्या.

हा दाखला सभेत मांडताना मी त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या, आणि त्या येथेही नोंदवणे आवश्यक आहे. भूजचा भूकंप ७.७ परिमाणाचा होता आणि १९९७ च्या जबलपूर भूकंपाच्या तुलनेत त्यात कित्येक शेकडा पटींनी अधिक ऊर्जा होती. नर्मदा पट्ट्यात एवढा मोठा भूकंप होईल असे म्हणण्याला आधार नाही. मोठ्या भूकंपाच्या संथ लाटा दूरवर जातात आणि साबरमतीच्या खोल गाळावर त्या वाढतात. नागपूरखाली असा खोल गाळ नाही, थोड्या खोलीवर खडक लागतो. तेव्हा अहमदाबादचे नुकसान जसेच्या तसे नागपूरवर आणून ठेवणे चूक ठरेल. मात्र मध्यम हादऱ्यात कोणत्या प्रकारच्या इमारती कशा मोडतात हे अहमदाबादने दाखवले, आणि मोडण्याची ती रीत गावागणिक बदलत नाही.

जमीन

नागपूरची भूरचना एकसारखी नाही. शहर दोन वेगळ्या खडकांच्या सीमेवर वसले आहे: पश्चिमेला दख्खनचा बेसाल्ट, ज्याचा उंचवटा सीताबर्डीच्या टेकडीत दिसतो, आणि पूर्वेला त्याहून कितीतरी प्राचीन नाईस व इतर रूपांतरित खडक, अधूनमधून लमेटाचे थर आणि उत्तरेकडे कामठी परिसरात गोंडवनाचे वालुकाश्म. पश्चिमेच्या बेसाल्टवर काळ्या कापसाच्या मातीचा थर असतो, जो पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो. या मातीमुळे भिंतींना तडे जातात, हे नागपूरच्या प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक आहे. भूकंपाच्या हिशेबात मात्र तिची आठवण क्वचितच काढली जाते.

मूळ आराखड्यात जमीन ‘मध्यम’ गृहीत धरली होती, पण त्यासाठी बोअर, म्हणजे खालचे थर तपासण्याची छिद्रे, घेतले नव्हते. संस्थेच्या आग्रहाने बोअर घेतल्यावर असे दिसले की भूखंडाच्या एका कोपऱ्यात झिजलेला बेसाल्ट तीन मीटरवर लागतो आणि समोरच्या कोपऱ्यात तो सातव्या मीटरला येतो, कारण त्या बाजूने पूर्वी एक नाला जात होता आणि वस्ती झाली तेव्हा तो भरून काढला गेला होता. सगळी इमारत कठीण खडकावर असती तर आलेखाचा आकडा २.५ ऐवजी १.८५ आला असता. म्हणजे जमिनीच्या प्रकारामुळे आडव्या बळात सुमारे ३५ टक्क्यांचा फरक पडतो. क्षेत्र २ आणि ३ यांच्या गुणांकांतला फरक ६० टक्क्यांचा आहे, त्याच्या निम्म्याहून अधिक फरक एकाच शहरात, कधी एकाच भूखंडात, जमीन घडवते, आणि देशाच्या नकाशावर तो दिसणे शक्यच नाही. शहरांसाठी सूक्ष्म क्षेत्रीकरण, म्हणजे शहराच्या भागाभागाचा वेगळा धोका-नकाशा, करतात ते याचसाठी. जबलपूरमध्ये ते १९९७ च्या भूकंपानंतर हाती घेतले गेले. आमच्या प्रकरणात ‘मध्यम जमीन’ हे गृहीतक योग्यच निघाले, पण भराव असलेल्या बाजूचे पाये खोल, खडकापर्यंत नेऊन सर्व पाये जमिनीलगतच्या बीमने एकमेकांना बांधावे लागले.

पार्किंगचा मजला

खरा वाद झाला तो येथे. वरच्या सात मजल्यांवर राखेच्या विटांच्या भिंती, त्यामुळे ते मजले ताठ. खाली पार्किंगमध्ये फक्त कॉलम, त्यामुळे तो मजला लवचीक. हादरा आला की वरचा भाग एकसंध हलतो आणि सारी विकृती तळमजल्याच्या कॉलमवर येते. २००२ च्या मानकात अशा मजल्याचे कॉलम आणि बीम अडीचपट बळासाठी आखण्याचा पर्याय होता. २०१६ च्या आवृत्तीने पुढे जाऊन मोकळ्या मजल्यात काँक्रीटच्या भिंती किंवा तिरपे आधार देऊन त्याचा ताठपणा वरच्या मजल्याच्या किमान ८० टक्के आणि ताकद किमान ९० टक्के राहील असे करायला सांगितले. मूळ आराखड्यात यांपैकी काहीच नव्हते. वरच्या भिंतींचे वजन हिशेबात धरले होते, त्यांचा ताठपणा मात्र धरला नव्हता, म्हणून संगणकावरच्या प्रतिकृतीत तळमजला आणि पहिला मजला सारखेच दिसत होते.

मी सुचवले की जिना आणि लिफ्टभोवती काँक्रीटच्या भिंती पायापासून गच्चीपर्यंत न्याव्यात, आणि त्या एका टोकाला असल्याने इमारत हादऱ्यात पिळली जाऊ नये म्हणून विरुद्ध टोकालाही दोन भिंती द्याव्यात. भिंती आल्यावर आवर्तनकाल कमी होतो, पण मध्यम जमिनीच्या आलेखावर तो सपाट भागातच राहतो, त्यामुळे बळाचा गुणक बदलत नाही. विकासकाचा आक्षेप खर्चाचा कमी आणि जागेचा अधिक होता: विरुद्ध टोकाच्या भिंतींमुळे पार्किंगच्या जागा कमी होणार होत्या, आणि नियमावलीप्रमाणे प्रत्येक सदनिकेमागे ठरलेली पार्किंग दाखवणे भाग होते. ज्यांच्या वाट्याची जागा जाणार होती त्या सभासदांचाही विरोध होता, आणि तो समजण्यासारखा होता. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या नागपुरात गाडीला सावलीची जागा ही लहान गोष्ट नाही. आठवडाभराच्या चर्चेनंतर भिंतींची जागा थोडी सरकवून त्या दोन गाड्यांच्या मधल्या रेषेत आणल्या आणि उरलेल्या जागांची सोय बाजूच्या मोकळ्या सोडायच्या अंतरात, छप्पर घालून, नियमात बसेल तेवढी केली.

निर्णय

विकासकाच्या अभियंत्याने एक वाजवी मुद्दा मांडला. तन्य रचना करायचीच असेल, तर मानकाने दिलेली सवलत घेऊन बळ १२५ वरून ७५ टनांवर आणावे. रिंगांचा वाढलेला खर्च सळयांच्या बचतीत बराचसा भरून निघेल. मानकाच्या दृष्टीने यात काहीही गैर नव्हते आणि पुष्कळ ठिकाणी मी स्वतः हा सल्ला मान्य करीन. येथे मी तो मान्य करू नये असे संस्थेला सांगितले. भाजक ३ वरून ५ करण्याची मुभा प्रत्येक सांध्यातली रिंग, प्रत्येक वळवलेले टोक आणि प्रत्येक जोड आराखड्याप्रमाणे बांधला जाईल या गृहीतकावर उभी आहे. ज्या शहरात फिटरांना अशा रचनेची सवय नाही, तेथे बांधकामातल्या उणिवांसाठी थोडी ताकद राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते. शेवटी सर्वसाधारण सभेने बहुमताने असा निर्णय घेतला की बळ १२५ टनच धरावे, रचना मात्र आयएस १३९२० प्रमाणे करावी. वाढीव खर्चाचा वाटा विकासक आणि संस्था यांनी मिळून उचलावा आणि हे कलम पुनर्विकास करारात लिहावे. २३० मिलिमीटरचे कॉलम गेले, काही खोल्यांचे कोपरे पुढे आले, दोन स्वयंपाकघरांची मांडणी बदलावी लागली.

प्रत्यक्ष कामात सर्वांत अवघड गेले ते सांधे. बीमच्या सळया चारही बाजूंनी येऊन मिळतात तेथे रिंग आत सरकवायला जागाच उरत नाही, आणि फिटर ती सोडून देतात. आळस हे त्याचे कारण नसते, बांधण्याचा क्रमच तसा असतो. बीमचा पिंजरा वरच बांधून, सांध्यातल्या रिंगा आधी कॉलमच्या सळयांवर ओवून, मग पिंजरा खाली सोडायचा, हा क्रम पहिल्या स्लॅबच्या वेळी मुख्य फिटरला प्रत्यक्ष करून दाखवावा लागला. त्याने तो लगेच आत्मसात केला आणि पुढच्या स्लॅबला स्वतःहून सांध्यांत रिंगा मोजून दाखवल्या. काँक्रीट ओतण्याआधी प्रत्येक सांध्याचे छायाचित्र काढून संस्थेच्या दप्तरी ठेवण्याची पद्धत निवृत्त अभियंत्या काकांनी स्वतः अंगावर घेतली.

या प्रकरणातून निघणारी माझी मागणी देशाच्या नकाशाविषयी नाही. नागपूरचे क्षेत्र बदलण्यासाठी पुरेसा पुरावा लागेल, तो जमायला वेळ लागेल आणि ते काम भूवैज्ञानिकांचे आहे. मानकाने ज्याला ऐच्छिक म्हटले ते स्थानिक पातळीवर आवश्यक करता येणे मात्र शक्य आहे. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीच्या चौकटीत, खाली मोकळा मजला असलेल्या आणि १५ मीटरहून उंच प्रत्येक इमारतीच्या प्रस्तावासोबत संरचना अभियंत्याने तीन गोष्टी लेखी द्याव्यात: जमिनीचा प्रकार आणि तो ज्या बोअरवरून ठरवला त्याचा अहवाल, बळ काढताना घेतलेला भाजक, आणि मोकळ्या मजल्याच्या ताठपणाचे वरच्या मजल्याशी प्रमाण, विटांच्या भिंती हिशेबात धरून. आयएस १३९२० वापरले नसेल तर तसे स्पष्ट शब्दांत लिहावे, आणि तो कागद विक्री कराराला जोडला जावा, म्हणजे सदनिका घेणाऱ्याला निदान विचारता येईल.